ड वर्गातला कारखाना

सांगली फार पुढारलेली आहे, ही बातमी मला आमच्या मालकांकडून कळली. तोवर माझा सगळा जन्म सांगलीत गेला होता, पण तसा संशय मला कधी आला नव्हता. आमच्या गल्लीतलं गटार वर्षानुवर्षं उघडं होतं आणि नगरपालिकेचा नळ मनात येईल तेव्हा यायचा.

नव्वदच्या दशकाची सुरुवात होती. गावाबाहेरच्या जुन्या औद्योगिक वसाहतीत आमचा कारखाना होता. शेतीपंपाच्या मोटारी बनवायचा. मी वाइंडिंग खात्याचा फोरमन. मोटारीच्या पोटात तांब्याच्या तारेची वेटोळी भरायची, त्यांना वार्निश पाजायचं, भट्टीत वाळवायची, एवढं माझं राज्य. एका सकाळी मालकांनी आम्हा सगळ्यांना वार्निशच्या शेडमध्ये गोळा केलं. ते मुंबईहून आले होते. मुंबईहून आले की दोन-तीन दिवस त्यांच्या बोलण्यात 'डेव्हलपमेंट' हा शब्द वारंवार यायचा, मग हळूहळू उतरायचा.

"आपण कवठे महांकाळकडं चाललोय," ते म्हणाले. "मागास भागाचा विकास करायला."

आमच्यापैकी कुणालाच मागास भागाचा विकास करायची घाई नव्हती. पण मालकांना होती, आणि ती का होती ते हळूहळू कळलं. सरकारनं सगळ्या महाराष्ट्राची वर्गवारी केली होती. अ, ब, क, ड. शाळेतल्या इयत्तांसारखीच, फक्त बक्षिसाचा नियम उलटा. जो तालुका सगळ्यात नापास, त्याच्या नावानं सगळ्यात मोठं बक्षीस. सांगली पुढारलेली ठरली होती, म्हणून तिला काही नाही, आणि कवठे महांकाळ 'ड'मध्ये. ते बक्षीस तालुक्याला मिळायचं नाही हे मात्र खरं. ते तिथं जाऊन कारखाना काढणाऱ्याला मिळायचं. काही वर्षं विक्रीकर माफ, शिवाय यंत्रांवर अनुदान. अटी दोन-तीनच होत्या. कारखाना नवा पाहिजे, यंत्रं नवी पाहिजेत आणि कामावर माणसं त्या भागातली पाहिजेत. आमच्या मालकांकडं कारखाना जुना होता, यंत्रं त्याहून जुनी होती आणि माणसं सांगलीची होती.

पहिली अडचण सोपी होती. मालकांच्या धाकट्या भावाच्या बायकोच्या नावानं नवी कंपनी निघाली. त्या वहिनींनी कारखाना आतून कधी पाहिला नव्हता, पुढंही पाहिला नाही. दुसऱ्या अडचणीसाठी ट्रकच्या मागच्या फळ्या रंगवणारा एक पेंटर आणला गेला. तो आठवडाभर आमच्याकडं मुक्कामाला होता. लेथ, ड्रिल, प्रेस, सगळ्यांना त्यानं पोपटी रंग दिला. जुन्या पितळी पाट्या उचकटून नव्या ठोकल्या. आमच्या लेथवर काम करणारा माझा जुना मित्र दारात उभा राहून ते बघत होता.

"नवरी केली रं हिला," तो मला म्हणाला. "सासरी गेल्यावर बेअरिंग वाजायला लागलं की कळंल समद्यांना."

तो आमच्याबरोबर आला नाही. म्हातारी आई घरी आहे, रोज इतक्या लांब कसं यायचं, असं त्यानं मालकांना विचारलं. मालक म्हणाले, "सक्ती नाही." सक्ती नाही म्हणजे घरी बसा, हे त्याला दोन दिवसांनी समजलं. असे बरेच जण गळले. उरलेले आम्ही रोज पहाटे कंपनीच्या बसमध्ये बसू लागलो. मिरज मागं टाकलं की हिरवं संपत जायचं, आणि बस थांबायची तिथं कुसळं, दगड आणि वारा एवढंच होतं. त्यात आमची पत्र्याची शेड, लांबून आगपेटीसारखी दिसायची.

ती जागा एका मेंढपाळ भावकीची होती. पुरुष दिवाळीनंतर मेंढरं घेऊन कोकणाकडं उतरायचे आणि पावसाळा तोंडावर आला की परतायचे. बायका, म्हातारी माणसं आणि थोडी बाजरी मागं राहायची. शेडच्या कुंपणाला लागूनच त्यांची घरं होती. त्यातली एक बाई चाळिशीची असेल. उंच, काटक, आवाज माळावर हाका मारून कमावलेला. सगळे तिला काकी म्हणायचे, म्हणून आम्हीही म्हणू लागलो. जमीन विकायला तिचा विरोध होता असं ऐकलं. पण घरातल्या प्रत्येकाला काम मिळेल असा शब्द मालकांनी चारचौघांत दिला, तेव्हा ती गप्प बसली.

उद्घाटनाला मंत्री आले. सकाळचं ठरलं होतं, दुपारी आले. मांडवाच्या मागं पाण्याचा टँकर उभा होता. माळावर रोज टँकर येत नसे, म्हणून गावातल्या बायका घागरी घेऊन आल्या होत्या, आणि मालकांचा भाचा त्यांना पाहुण्यांचं पाणी म्हणून हाकलत होता. हा भाचा म्हणजे नव्या कारखान्याचा मॅनेजर. मंत्री बोलायला उभे राहिले आणि या माळाचं सोनं होणार, असं त्यांनी दोन-चार वेळा सांगितलं. तेवढ्यात काकी बायकांतून उठून उभी राहिली.

"आवं सायेब, आमच्या माणसास्नी काम मिळणार न्हवं?"

मांडवातल्या माना तिच्याकडं वळल्या. मंत्री मोठ्यानं हसले.

"ताई, पहिला हक्क तुमचा! भूमिपुत्रांचा!"

टाळ्या पडल्या. मालकांनी सगळ्यात जोरात वाजवल्या. मंत्री गेले, पाठोपाठ टँकरही गेला. त्यात अजून पाणी होतं.

पुढं वर्षभर भूमिपुत्रांचा पहिला हक्क झाडू मारण्यावर आणि ट्रक भरण्यावर चालला. तेही रोजंदारीवर, मनात येईल तेव्हा. वॉचमनसुद्धा मिरजेचा होता. मी एकदा भाच्याला म्हटलं, चार माणसं शिकायला द्या, मी तयार करतो.

"फोरमन, यांना मेंढरांमागं फिरायची सवय," भाचा म्हणाला. "आठ तास एका जागी बसणारेत का हे?"

भाचा स्वतः अकराला यायचा, एकला जेवायला मिरजेला जायचा आणि बहुधा तिकडूनच घरी जायचा. एका जागी बसण्याबद्दल त्याची मतं फार पक्की होती.

मग तपासणी आली. कर माफ व्हायचा तर पात्रतेचा दाखला लागायचा, आणि दाखला द्यायच्या आधी साहेब येऊन अटी पाळल्यात का ते बघणार होते. पोपटी रंग अजून टिकून होता. प्रश्न फक्त माणसांचा होता. मिरजेच्या बाजारातून निळ्या शर्टांचं गाठोडं आलं. भाचा कुंपणापलीकडं गेला आणि जाताना पहिल्यांदाच हसत गेला. पुरुष नेमके तेव्हा गावात होते. उद्या सगळ्यांनी या, शर्ट मिळेल, जेवण मिळेल, असं तो सांगून आला.

दुसऱ्या दिवशी आमची बस कारखान्यावर आलीच नाही. सांगलीच्या सगळ्या कामगारांना घेऊन ती दंडोबाच्या डोंगरावर गेली. कंपनीची सहल! बरोबर पुरीभाजीची पातेली होती. ज्यांनी वर्षानुवर्षं दिवाळीला सुट्टी मागितली आणि मिळाली नाही, ती माणसं भर कामाच्या दिवशी डोंगरावर झाडाखाली पत्ते खेळत बसली. मला मात्र मागं ठेवलं, कारण यंत्रं सुरू करायला कुणीतरी जाणतं लागणार होतं.

प्रत्येक यंत्रापुढं एकेक माणूस उभा केला होता. निळा शर्ट, खाली धोतर, डोक्याला लाल-पिवळा फेटा. फेटे काढा म्हटलं तर कुणी काढेना. वाइंडिंगच्या टेबलावर काकी आणि तिच्या दोन जावा. लुगड्यावरून निळा शर्ट, गळ्यापर्यंत बटणं लावलेली. समोर मीच अर्धी भरून ठेवलेली मोटार. कुणी विचारलं तर 'वाइंडिंग करते' एवढंच म्हणा, असं भाच्यानं त्यांच्याकडून घोकून घेतलं होतं.

साहेब आले. किडकिडीत, हातात चामडी बॅग, उन्हानं वैतागलेले. यंत्रांजवळून भराभर चालत गेले. काकीच्या टेबलापाशी मात्र थांबले.

"काय काम करता, बाई?"

"बसलीया," काकी म्हणाली.

"म्हणजे?"

"काल सांगितलं, उद्या हितं बस म्हणून. बसलीया."

 भाचा घाईनं पुढं झाला. "गावाकडची माणसं, साहेब. लाजतात."

काकी लाजताना मी आजपर्यंत पाहिलेलं नाही. साहेबांनी तिच्याकडं पाहिलं, समोरच्या मोटारीकडं पाहिलं, मग माझ्याकडं पाहिलं. त्यांना सगळं कळलं होतं. नवखा माणूस नव्हता तो.

"छान," ते म्हणाले. "महिलांचा सहभाग चांगला दिसतोय."

मग विचारलं, जेवणाचं काय. आत मटणाचा बेत होता. त्या दिवशी मला जेवढी किळस आली तेवढी पोपटी रंगाची आली नव्हती. रंग निदान यंत्रांनाच दिला होता, इथं माणसं रंगवली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी आमची बस फाटकाशी पोचली तर फाटक बंद. आत भाचा, बाहेर सगळे निळे शर्ट. काल होते तितके सगळे, फेट्यांसकट. काकी सगळ्यात पुढं. आम्ही बसमधून उतरून त्यांच्या मागं उभे राहिलो.

"कपडे परत करायला आलात ना?" भाचा जाळीतून म्हणाला. "ठेवा तिथं."

"परत कशाला?" काकी म्हणाली. "कामावर आलोय आमी."

"कसलं काम?"

"कालचंच की. काल आमी कामगार हुतो न्हवं? तुमीच सांगितलं त्या सायबाला. मग एका रातीत काय झालं?"

"ते तपासणीपुरतं होतं, काकी. जेवलात ना पोटभर?"

"जेवलो की. मटण बरं हुतं." ती वळून मागच्यांना म्हणाली, "चला रं. त्ये सायेब आजच्या दिस सांगलीत हाईत. त्येंचा डायवर आमच्या चुलीपाशी बसून बोलला. जाऊन इचारू, आमी कोण हाय म्हणून."

आणि ती खरंच वळली. तिच्याबरोबर सगळे वळले. निळ्या शर्टांची रांग हमरस्त्याकडं चालायला लागली. भाचा आत पळाला. ऑफिसच्या फोनवर तो ओरडत होता ते फाटकापर्यंत ऐकू येत होतं. दाखला अजून हातात आला नव्हता. थोड्या वेळानं तो बाहेर आला, तेव्हा त्याचा चेहरा आंबट झाला होता. स्वतः फाटक उघडून तो त्या रांगेमागं धावला. त्याला धावताना आम्ही सगळ्यांनी मन भरून पाहिलं. मालकांनी फोनवर काय सांगितलं ते मला नंतर कळलं. दाखला येईपर्यंत घ्या आत, नंतर बघू.

दाखला यायला वर्ष लागलं. कागद मुंबईला गेला, परत आला, पुन्हा गेला. सरकारी आळसानं कुणाचं भलं झालेलं मी आयुष्यात तेवढं एकदाच पाहिलं. कारण त्या वर्षात ती माणसं शिकली. सोपं गेलं नाही. सुरुवातीला काकी इतक्या तारा तोडायची की मला रडू यायचं, आणि तोडली की तारेला अशी शिवी द्यायची की आमचे सांगलीचे लोक कानकोंडे व्हायचे. एका जावेनं पहिल्याच महिन्यात काम सोडलं. कोंडल्यासारखं होतं, म्हणाली. पुरुषांतले निम्मे दिवाळीनंतर मेंढरांबरोबर गेले. बाकीचे टिकले. वर्ष सरता सरता काकीनं भरलेली मोटार मी न तपासता पुढं पाठवू लागलो.

आता दाखला आल्यावर यांना काढतील म्हणून मी धसका घेऊन होतो. झालं उलटंच. भाच्याला एव्हाना समजलं होतं की ही माणसं आमच्या निम्म्या पगारात राबतात आणि त्यांना बसही लागत नाही. मग त्यानं आम्हालाच काढायला सुरुवात केली. दर महिन्याला बसमधल्या दोन-तीन जागा रिकाम्या व्हायच्या. ज्यांना डोंगरावर पुरीभाजी खायला नेलं होतं, ते एकेक करून घरी बसले. स्थानिकांना रोजगार दिला म्हणून कंपनीचा फोटो पेपरात आला.

काही दिवस आमच्यात वाकडं आलं. सांगलीची माणसं निळ्या शर्टांशी बोलेनाशी झाली. एका दुपारी काकी माझ्या टेबलापाशी येऊन उभी राहिली.

"फोरमन, तुमची माणसं गेली त्ये आमच्यामुळं म्हणत्यात."

"म्हणू देत," मी म्हटलं.

"आमी मागितलं ते काम. तुमचं न्हाई मागितलं." तिचा आवाज नेहमीपेक्षा खाली होता. "त्येनं आमच्या हातात तुमचंच काढून दिलं. आमाला काय ठावं?"

मी तिला म्हटलं, मला ठाऊक आहे. त्यानंतर आम्ही दोघांनी तो विषय काढला नाही. पण भाच्याबद्दलचा माझा राग त्या दिवसापासून जरा वेगळा झाला. तोवर मला तो नुसता मूर्ख वाटायचा.

दशक संपत आलं तशी करमाफीची वर्षं संपत आली. शेवटच्या वर्षी सांगलीतल्या एका मंडळानं मालकांना ग्रामीण भागाचं ऋण फेडणारे उद्योजक म्हणून शाल-श्रीफळ दिलं. त्याच आठवड्यात त्यांनी मला बंगल्यावर बोलावलं. शाल खुर्चीच्या पाठीवर टाकलेली होती.

"सातारा जिल्ह्यात जागा बघितलीय," ते म्हणाले. "औंधच्या पलीकडं. तीही ड वर्गातच आहे, करमाफी पुन्हा पहिल्यापासून. तुम्ही चला."

"आणि इथली माणसं?"

"तिथंही माणसं असतीलच की."

हे त्यांनी अगदी सहज म्हटलं. वाईट बोललो असं त्यांच्या गावीही नव्हतं. नवी कंपनी या वेळी सूनबाईंच्या नावानं निघणार होती.

"यंत्रं?" मी विचारलं.

"नवीन."

"या वेळी कुठला रंग?"

ते हसले नाहीत. मी येत नाही म्हणून सांगितलं. कारण विचारलं तर म्हटलं, तुमच्याबरोबर विकास करून करून मी दमलो. घरी येऊन बायकोला सांगितलं तेव्हा तिनं आधी विचारलं, आता काय करणार, आणि मग म्हणाली, बरं झालं. ती शाळेत शिक्षिका होती, म्हणून मला एवढं ताठ बोलता आलं, हेही खरं.

यंत्रं हलायला लागली तेव्हा काकी आणि आठ-दहा जण तहसील कचेरीत गेले. मीही बरोबर गेलो. तिथल्या साहेबांनी आमचा अर्ज वाचला आणि शांतपणे समजावलं. योजनेत जेवढी वर्षं लिहिली होती, तेवढी वर्षं कारखाना चालला. त्यापुढं कुठं न्यायचा ते मालकांची मर्जी.

"पर मंतरी म्हणालं हुतं, पयला हक्क तुमचा," काकी म्हणाली.

"ते भाषण होतं, बाई," साहेब म्हणाले.

बाहेर आल्यावर ती पायरीवर बसली. मला वाटलं रडते आहे. ती चप्पलेत रुतलेलं कुसळ काढत होती. "भाषण हुतं," ती स्वतःशीच म्हणाली, आणि अशी थुंकली की बाजूचा शिपाई दचकला.

शेवटचा ट्रक गेला तेव्हा शेडमध्ये तारेची वेटोळी गुंडाळायचं, हातानं फिरवायचं एक जुनं यंत्र आणि एक मोडक्या पायाचं टेबल उरलं होतं. रंगवायच्याही लायकीचं नाही म्हणून टाकलेलं. मी भाच्याला विचारलं, हे न्यायचं का. तो म्हणाला, भंगार आहे, द्या कुणाला तरी. मी काकीला सांगितलं. संध्याकाळच्या आत बैलगाडीतून ती दोन्ही तिच्या अंगणात पोचली होती.

दोन महिन्यांत कवठे महांकाळच्या स्टँडमागं आम्ही मोटार रिवाइंडिंगचं दुकान टाकलं. काकी, तिचा पुतण्या, कारखान्यात लेथ शिकलेले दोघं आणि मी. जागा एवढीशी, वर पत्रा. पण त्या तालुक्यात बोअरला पाणी कमी आणि विजेला दाब कमी, त्यामुळं मोटारी जळायच्या, आणि त्यातल्या कितीतरी आम्हीच बनवलेल्या असायच्या. गिऱ्हाईक यायला लागलं. सांगली-कवठे महांकाळ हा प्रवास मी पुन्हा सुरू केला, आता एसटीनं. दुकानात काकी बसलेली बघून सुरुवातीला लोक विचारायचे, मिस्त्री कुठाय. ती म्हणायची, बोला की.

दुकान जरा नावारूपाला आलं तेव्हा एक दिवस लघुउद्योगांची माहिती द्यायला एक तरुण साहेब आले. बोलायला सभ्य होते. त्यांना आमचं कौतुक वाटलं होतं आणि ते खरंच वाटलं असावं.

"तुम्ही विस्तार करा," ते काकीला म्हणाले. "योजना आहे. सवलत मिळेल."

"इस्तार म्हंजे?"

"हे दुकान इथून हलवायचं. बाहेर माळावर एक रिकामी शेड आहे, तयारच. तिथं नेलंत तर तुम्हाला अनुदान बसतं. इथं स्टँडमागं बसत नाही."

ती आमचीच जुनी आगपेटी होती. काकीनं हातातली मोटार खाली ठेवली.

"त्या शेडला लाइट हाय?"

"तोडलीय सध्या. अर्ज केला की येईल."

"पाणी?"

"टँकर..."

"गिऱ्हाईक तितं कसं येणार?"

साहेबांनी बॅगेतलं पत्रक उलटून पाहिलं. गिऱ्हाइकाबद्दल त्यात काही नव्हतं. "तो तुमचा प्रश्न झाला," ते म्हणाले, पण जरा ओशाळून.

"मग आमी हितंच बरं," काकी म्हणाली. "तुमचं अनुदान दुसऱ्या कुणाला बसतंय का बघा."

पुतण्यानं समोरून चहा आणला. साहेबांनी तो उभ्यानंच घेतला, पत्रक टेबलावर ठेवलं आणि पुढच्या दुकानात गेले. तिथं सायकली दुरुस्त करणारा होता. त्याला ते विस्ताराचं समजावत होते आणि तो पंक्चर बघत मान हलवत होता.